चंदानं जगवलेले पेरू

—नाय गुरुजी, कोयता नका लावू, सालपट निघतं. कात्री घ्या. फांदीच्या डोळ्याच्या, म्हंजे कोंब फुटतो त्याच्या, वर बोटभर राखा आन तिरकं कापा, पाणी साचत नाय. आन बुडातून हे सरळ काठीसारखं पळालंय ना, ते पाणसोट — ते आधी काढा, ते नुसतं खातं, फळ देत नाय. कापल्या जागी शेण लावा, झालं. लोक म्हणतात भिकाच्या हाताला गुण हाये — कसला गुण? तुम्ही सूर्यमाळला माझ्या दारातले पाच पेरू, दोन लिंबं बघितली, म्हणून मला इथं जव्हारला शाळेतली झाडं छाटायला बोलावलंत. पण ती जगवली माझ्या पोरीनं, चंदानं.

ती? वांगणीला दिलीय. शिकली — सातवीपर्यंत. म्हणजे सातवीबी पुरी नाय. चौऱ्याण्णवच्या पावसात मी रोपं लावली आन दिवाळीनंतर बायकोला घेऊन ठाण्याला बांधकामावर गेलो, दरसालसारखा. आमच्याकडं होळीला पाणी आटतं. मंग झाडांना पाणी घालणार कोण? घरी माझी म्हातारी आई, तिला डोळ्यांनी दिसत नव्हतं. म्हणून चंदाला शाळेतून काढली. तिथले गुरुजी दोनदा डोंगर चढून आले, म्हणाले पोरगी वर्गात पहिली हाये, निदान परीक्षेला तरी बसू द्या, आठवीला आश्रमशाळेत जागा करतो. मी म्हणालो, एकच उन्हाळा. झाडांनी जीव धरला की पाठवतो. खोटं नव्हतो बोलत — तवा तरी नव्हतो.

खाली दरीत झिरा हाये. वाटी-वाटीनं हंडा भरायचा आन चढून यायचं, सकाळी दोन, सांजचे दोन. जेष्ठात आम्ही परत आलो तर सातही झाडं हिरवीगार, नवी पालवी. मी काय केलं ठाव हाये? अख्ख्या पाड्याला बोलावून झाडं दाखवली. पोरीच्या टाळूवरचे केस हंड्यानं गेले व्हते, ते बायकोनं बघितलं, मी नाय. चंदा सगळे जाईपर्यंत थांबली. मंग म्हणाली, "बाबा, आता जाऊ शाळेत?"

मी म्हणालो, "फुडला उन्हाळा हायेच की."

रडली नाय. परत इचारलंबी नाय. आणखी दोन उन्हाळे पाणी वाहिलं तिनं, मंग लगीन लावून दिलं.

येते ना — चार वर्सांनी आली, गेल्या दिवाळीला, नात बरोबर. पेरू पिकले व्हते, मी चांगला बघून एक तोडला, नातीच्या हातात दिला. चंदानं तो काढून घेतला, ओट्यावर ठेवला. आवाज चढवला नाय, काय नाय. पोरीला म्हणाली, "हा नको. बाजारातून घेऊ." पोर रडली, तरी नाय दिला. माझ्याकडं बघितलंसुदिक नाय, लिंबांकडं पाठ करून बसली आन दुपारच्या गाडीनं गेली.

नातीला शाळेत घातलीय म्हणं. मला दुसऱ्याकडून कळलं.

असं काय बघता? घंटा झाली कवाची — जा, पोरं वाट बघत असतील.