पोरीच्या तोंडचा शब्द मी बोललो

माह्या पोरीच्या लग्नात तिची प्रतिज्ञा मी बोललो, हे आधी सांगून टाकतो, नाहीतर बाकीचं सांगता सांगता मी स्वतःले चांगलं म्हणवून घेईन, ती सवय आहे मले. नवरी गप होती अन् मी माईक तोंडाजवळ घेऊन तिच्या जागी बोललो. बापही मीच होतो अन् लग्न लावणाराही मीच. पोरीचं नाव मी घेणार नाही. तुमच्यासमोर बसून हे सांगू का म्हणून तिच्या आईकडून तिले विचारून घेतलं, तं सांगायचं तर सांगा म्हणे, माहं नाव घेऊ नका, माह्यासोबत राहते तिचंही घेऊ नका. एवढाच निरोप आला.

मूळचे आमी कुहीकडचे. आजोबा दुसऱ्याच्या शेतात, बांध्यांमध्ये, धानाची रोवणी करायचे, नागपूरले येऊन दीक्षा घेतली अन् गावात वापस गेले ते घरातले देव टोपलीत घालून नदीत सोडून आले. माहा बाप मंग इकडं शहरात आला, पत्र्याच्या कामाले लागला. मीही तेच करतो, कुलर बनवतो. नागपुरात उन्हाळ्यात माणूस जेवणाबिगर राहील पण कुलरबिगर नाही राहत, तं चार महिने मले श्वास घ्यायले फुरसत नसते, पत्रा कापा, जाळी ठोका, वाळ्याच्या ताट्या बसवा. अन् नेमका तोच लग्नाचा सीझन. हातावर पत्र्याचे काप अन् वरून पांढरा शर्ट घालून मी लग्न लावायले जायचो. आमच्या विहारात मी बौद्धाचार्य, म्हणजे लग्न, नामकरण, मयतानंतरचं पुण्यानुमोदन, हे सगळे विधी करणारा माणूस. गाथा मले तोंडपाठ. आवाज चांगला. लोक म्हणत, लग्न लावावं तं यानंच लावावं, अन् काय सांगू तुम्हाले, ते ऐकायची चटक लागली होती मले.

आमच्या लग्नात कन्यादान नसते. बुद्धमूर्तीसमोर मेणबत्ती लावायची, त्रिशरण पंचशील घ्यायचं, मंग नवरा अन् नवरी एकमेकांले प्रतिज्ञा देतात, आपापल्या तोंडानं, सगळ्यांच्या समोर. मी एकेक वाक्य सांगतो, ते मागून म्हणतात. किती मांडवांत मी छाती फुगवून सांगतलं असन, की आमच्यात पोरगी ही दान द्यायची वस्तू नाही, ती स्वतः बोलते, ती बोलल्याशिवाय लग्न लागत नाही. टाळ्या पडायच्या त्या वाक्यावर.

पोरगी एकच आमची. नर्सिंग शिकली, एका खाजगी दवाखान्यात लागली. एक दिवस दुपारी माहा डबा घेऊन ती दुकानात आली, एरवी तिची आई पाठवायची दुसऱ्या कोणाजवळ. डबा ठेवला अन् उभीच राह्यली. म्हटलं काहून वं, काय झालं. म्हणे, बाबा, तुमी मुलं पाहून राहिले ते थांबवा. मले मुलाशी लग्न करायचं नाही, आता नाही अन् नंतरही नाही. दवाखान्यातली एक मैत्रीण होती तिची, उमरेडच्या कोष्ट्याची पोरगी, घरी येत-जात होती, माह्या हातचा चहा पिऊन गेलेली. म्हणे, मी तिच्यासोबत राहणार आहे. जसे तुमी अन् आई राहता तशी.

मी हातोडी खाली ठेवली नाही. ठोकत राह्यलो. ठोकता ठोकताच तिले म्हटलं, तिसरं शील म्हणून दाखव. लहानपणापासून रोज म्हटलेलं, तं म्हटलं तिनं, कामेसु मिच्छाचारा, सगळं. म्हटलं, अर्थ सांग. म्हणे, वासनेपायी कोणाले दुखवायचं नाही, कोणाले फसवायचं नाही, हा अर्थ तुमीच शिकवला बाबा. मंग मले विचारते, मी कोणाले फसवून राहिले? उत्तर नसलं की माणूस ओरडते, मी ओरडलो. बाजूच्या वेल्डिंगवाल्यानं मशीन बंद करून इकडं पाह्यलं इतका ओरडलो. म्हटलं, विहारात बसून मी लोकांले शील देतो अन् माह्या घरात हे.

त्यानंतर मी काय काय केलं ते सांगतो, लपवत नाही. तिचा फोन घेतला. नोकरी सोडवली. तिच्या आईले बीपी आहे, तिले काही झालं तं तुह्या डोक्यावर, असं रोज म्हटलं. त्या दुसऱ्या पोरीचं नाव घरात घ्यायचं नाही असं सांगतलं. मारलं नाही मी तिले कधी, हे मी लोकांले अभिमानानं सांगायचो, पण ती कोपऱ्यात बसून राह्यची अन् जेवायची नाही अन् मी तिच्यासमोर बसून संध्याकाळची वंदना मोठ्यानं म्हणायचो, ते मारण्याहून कमी होतं का, तुमीच सांगा.

मुलगा कुहीचाच पाह्यला. बियाणं-खताचं दुकान, शांत पोरगा, निर्व्यसनी. त्याले काही सांगतलं नाही. लग्न झालं की ठीक होईल, असं मी स्वतःले समजावलं, अन् खरं सांगू, ठीक होईल असंही वाटत नव्हतं मले, आपल्या घरातून ही गोष्ट निघून जाईल एवढंच वाटत होतं.

लग्नाच्या दिवशी हॉल भरलेला. पांढऱ्या साडीत ती. लोक म्हणाले दुसऱ्या आचार्याले बोलवा, बाप म्हणून तुमी बसा, पण मी म्हटलं, माह्या पोरीचं मीच लावणार. मुलानं प्रतिज्ञा म्हटली, नीट म्हटली. मंग तिची पाळी. मी वाक्य सांगतलं. ती गप. पुन्हा सांगतलं. तिनं मान वर करून माह्याकडं पाह्यलं अन् हलकेच मान हलवली, नाही अशी. बाकी कोणाले दिसलं नसन, मी समोरच होतो, मले दिसलं. मागून कोणीतरी बाई म्हणाली, लाजून राहिली वं नवरी. सगळे हासले. मीही हासलो. अन् माईकवर म्हटलं, माही लेक लाजाळू आहे, तिच्या वतीनं मी म्हणतो. अन् म्हटली सगळी प्रतिज्ञा, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मी या पतीचा स्वीकार करते. करते म्हटलं मी, करतो नाही. मंग लोकांनी फुलं टाकली, सब्ब मंगलंची शेवटची गाथा झाली, जेवणं झाली. वांग्याची भाजी चांगली झाली होती म्हणत होते लोक.

तिनं नवऱ्याले फसवलं नाही. पंधरा-वीस दिवसांत स्वतःच्या तोंडानं सगळं सांगतलं त्याले. तो पोरगा तिले घेऊन माह्या दुकानात आला, बॅग खाली ठेवली, जयभीम घातला, अन् विचारलं, मामाजी, तुमाले माहीत होतं का? आवाज चढवला नाही त्यानं. ती त्याच्या बाजूले उभी होती. मी म्हटलं, नाही जावईबापू, मले काहीच माहीत नव्हतं. तिच्या समोर म्हटलं हे. तिनं माह्याकडं पाह्यलं, राग नव्हता त्यात, जसं मयताकडं पाहतात तसं पाह्यलं. बॅग उचलली अन् चालू लागली. मले वाटलं घरी चालली. घरी गेलीच नाही ती.

तिसरं शील तिच्या अंगावर फेकलं होतं मी. अन् चौथं, खोटं बोलणार नाही हे, मी दोनदा मोडलं. एकदा भरल्या हॉलमध्ये अन् एकदा दुकानात.

मंग जे दिवस आले ते वैऱ्यावर येऊ नये. पोलीस म्हणाले सज्ञान आहे, स्वतःच्या मर्जीनं गेली, आमी काय करू. दवाखान्यात गेलो तं तिथं कोणी बोलेना, ती मैत्रीणही नोकरी सोडून गेलेली. फुटाळ्याच्या तलावात कोणाची बॉडी भेटली असं कानावर आलं की मी दुकान उघडं टाकून सायकलनं जायचो, गर्दीत घुसायचो, चादर वर केली की चेहरा पाहायचो, दुसरीच कोणी निघाली की रस्त्याच्या कडेले बसून जायचो. अन् कोणाची तरी पोरगी ती होतीच नं. पण मले बरं वाटायचं. असा झालो होतो मी.

लग्नं लावणं सुरूच होतं. नाही कसं म्हणणार, कारण काय सांगणार. नवरी प्रतिज्ञा म्हणायले लागली की मी तिच्याकडं न पाहता मेणबत्तीकडं पाहायचो. एका लग्नात पोरगी खणखणीत आवाजात बोलली अन् मी पुढचं वाक्यच विसरलो, उभाच्या उभा. लोकांनी पाणी आणून दिलं. त्या दिवसापासून बंद केलं. घसा खराब आहे म्हणून सांगतलं, विहारातला रविवारचा वर्ग तेवढा चालू ठेवला.

घरात बायको कामापुरती बोलायची, दोनेक वर्षं गेली अशी. एक दिवस मी संध्याकाळी मूर्तीसमोर बसलो होतो, सगळे प्राणी सुखी होवोत हे म्हणून राहिलो होतो, तं ती मागं भाजी निवडत होती, तशीच म्हणाली, सगळे म्हणजे कोण कोण? मी म्हटलं, सगळे. म्हणे, मुंग्या, कुत्रे, साप, सगळे येतात, माही पोरगी तेवढी येत नाही का त्याच्यात? भाजीवरून हात नाही थांबला तिचा. म्हणे, दर रविवारी लोकांले शिकवता, दुःख आहे, दुःखाले कारण आहे. ह्या घरातल्या दुःखाले काय कारण आहे ते सांगा नं मले एकदा.

मी रडलो. ती रडली नाही. मंग तिनं सांगतलं, पोरगी इथंच नागपुरात आहे, नंदनवन वस्तीत, त्या मैत्रिणीसोबत खोली करून राहते, नोकरी लागली आहे. हिले पहिल्या महिन्यापासून माहीत होतं. दर गुरुवारी, मी दुकानात असलो की, विहारात जाते म्हणून निघायची ती पोरीकडं जायची, डबा घेऊन. अन् मी तिकडं लोकांच्या पोरींचे चेहरे पाहत फिरत होतो. म्हटलं, मले काहून नाही सांगतलं वं. म्हणे, तुमी आतापर्यंत तिले शोधून राहिले होते का आपली इज्जत शोधून राहिले होते, मले समजत नव्हतं.

मंग मले एक हुक्की आली. म्हटलं, पौर्णिमेले विहारात सगळ्यांसमोर माफी मागतो, सगळं सांगतो, काय होते ते होऊ दे. मले वाटलं बायको खुश होईन. ती म्हणे, तिले विचारलं का? सगळ्या वस्तीले तिची गोष्ट सांगाल, तुमचं मन हलकं होईन, लोक म्हणतील किती मोठा माणूस, अन् उद्या तिले रस्त्यानं चालावं लागन. पुन्हा तिचं तुमीच बोलणार का? खरं सांगतो, भाऊ, मले ते सुचलंही नव्हतं.

म्हणून ते विहाराचं सोडलं अन् आधी कुहीले गेलो. त्या पोराची अवस्था वाईट झाली होती, गावात लोक त्याच्यातच खोट आहे म्हणत होते, अन् त्यानं माह्या पोरीविषयी एक शब्द काढला नव्हता. त्याच्या बापासमोर अन् काकांसमोर बसलो, म्हटलं, माह्या पोरीची या लग्नाले संमती नव्हती, ते मले माहीत होतं, तुमच्या पोरात काही खोट नाही, खोटं मी बोललो. याच्यापुढं तिच्याविषयी एक शब्द सांगतला नाही. त्याच्या काकानं चपलेले हात घातला होता, त्या पोरानंच धरला. दारापर्यंत सोडायले आला, म्हणे, मामाजी, तुमी आज खरं बोलले, पण माही दोन वर्षं गेली, ती काही वापस येत नाही. मी म्हटलं, नाही येत. बस भेटेपर्यंत दोघंही उभे होतो रस्त्यावर.

परवाच्या रविवारी नंदनवनात गेलो. बायको सोबत येते म्हणाली, मीच नको म्हटलं, तिच्या आडून बोलणं झालं असतं ते. दुसऱ्या माळ्यावर खोली. दार त्या उमरेडच्या पोरीनं उघडलं, हात कणकीचे, मले पाहून तिचं तोंड उतरलं. माही पोरगी मागं उभी होती, ड्युटीवरून आलेली, पायात चपलाही तशाच. बारीक झाली आहे. बसा कोणी म्हटलं नाही अन् मीही उंबरठा ओलांडला नाही.

घरून ठरवून गेलो होतो बरंच काही, गाथेसारखं पाठ करून. त्यातलं काही आलं नाही तोंडात.

मी म्हटलं, बेटा, तू त्या दिवशी नाही म्हटलं होतं. मान हलवून म्हटलं होतं, मी पाह्यलं होतं. दिसलं नाही असं नाही. मले दिसलं अन् मी हासलो अन् तुह्या जागी बोललो. दुकानात जावयाले सांगतलं मले माहीत नव्हतं, तेही खोटं होतं, तुह्या तोंडावर बोललो. तू कोणाले फसवलं नव्हतं, मी फसवलं, तुले, त्याले, तुह्या आईले. घरी चल म्हणायले नाही आलो. अन् तू, पोरी, तू माह्या घरी चहा पिलेली, तुहं नाव मी माह्या घरात घेऊ दिलं नाही, तुहाही गुन्हेगार आहे मी. माफ करा म्हणत नाही मी, तेवढंही तुमच्याकडून काढून घ्यायचा हक्क मले नाही. मी चुकलो, हे मले तुह्यासमोर म्हणायचं होतं, बेटा, दुसऱ्या कोणासमोर नाही. मी चुकलो.