दुसरी कडी

हुर्शिदा: आधी चहा घे. मिठाचा आहे, वर साय घातलीय. शेडची किल्ली कुठे पळून जात नाही.

सावुत: नको वहिनी. एल्दार निघालाय अल्माटीहून. दोन तासांत पोचेल इथे. त्याआधी गिटारचा अ‍ॅम्प बाहेर काढून पुसून ठेवायचाय.

हुर्शिदा: हा एल्दार कोण?

सावुत: गिटार वाजवतो. कझाख आहे. आत काचेचे व्हॉल्व्ह पेटतात तसल्या जुन्या वस्तूंचं वेड आहे त्याला. तो आपला अ‍ॅम्प नेणार, त्याचा छोटा मला देणार. बारा किलोचा. एका हाताने उचलायचा, गाडीच्या सीटवर टाकायचा. हॉलमध्ये गेल्या गेल्या वाजतो, गरम व्हायची वाट बघायला नको.

हुर्शिदा: आणि आपला किती?

सावुत: पंचेचाळीस.

हुर्शिदा: बावीस वर्षं त्या धुडावर लग्नं वाजवलीत दोघा भावांनी. चुंजापासून झारकेंतपर्यंत एक हॉल सोडला नाहीत. आणि आता बारा किलो.

सावुत: आता कोणाला एवढं वाजवून हवंय? अर्धी गाणी लॅपटॉपवर असतात. माझी पाठ गेलीय. दादा ड्रमवर असता तर गोष्ट वेगळी होती. छोट्या अ‍ॅम्पवर भागतं हल्ली सगळ्यांचं.

हुर्शिदा: मग ने ना. मी अडवलंय? नवरोजला असाच आलास. अंगणातच चहा प्यायलास, अ‍ॅम्पवरची रजई उचललीस, परत टाकलीस, गेलास. मका काढणीच्या वेळी पुन्हा तेच. विकायला काढलेल्या गाईचं दावं धरून बसल्यासारखा बसतोस. एकदा काय ते ठरव.

सावुत: आवाजाचं वाटतं गं. छोट्यातून तो आवाज निघत नाही. आपल्याचा कसा, तार छेडली की पोटात जाणवतं. म्हातारी माणसं टेबलं सोडून नाचायला उठायची.

हुर्शिदा: मग ठेव.

सावुत: ठेवून काय करू? एकट्याला हलत नाही तो.

हुर्शिदा: हे बघ, एक सांगते. हा अख्खा हिवाळा मी त्या शेडमध्ये शेगडी पेटवतेय. सकाळी एक बादली कोळसा, संध्याकाळी एक. तुझे दादा म्हणायचे, व्हॉल्व्हना गारठा लागला की ते रुसतात. घरात मी दोन स्वेटर घालून बसते आणि तो तिकडे उबेत. शेजारची मरियाम म्हणते, वेडी झालीस का तू? असेन. पण हात थांबत नाही. म्हणून म्हणते, न्यायचा तर आज ने. मला सोडव.

सावुत: तू शेगडी पेटवतेस हे मला माहीत नव्हतं.

हुर्शिदा: तुला कसं माहीत असणार? तू उंबऱ्याच्या आत येतोस कुठे? ह्यांना जाऊन वर्ष झालं त्या जेवणाला आलास, अंगणात पुलावाच्या कढईपाशी उभा राहिलास, तिथूनच गेलास. ह्यांच्या फोटोकडेसुद्धा बघितलं नाहीस.

सावुत: माणसं फार होती.

हुर्शिदा: होती. माझी गुलबाहारही होती. पोटची पोर, माझ्या हातचा नान तिने मोडला नाही. मावशीने आणलेला खाल्ला.

सावुत: अजून बोलत नाही ती?

हुर्शिदा: बोलते. "पेन्शन आली का, गोळ्या घेतेस का." फोनवर. तेवढंच. आणि चुकतेय कुठे ती? तिच्या बापाने निघताना सांगितलं होतं मला, डावा हात जड झालाय. तेव्हा मी काय म्हणाले, माहीत आहे तुला?

सावुत: वहिनी, पुन्हा नको ते.

हुर्शिदा: म्हणाले, कोंबड्यांचं खुराडं साफ करायचं म्हटलं की तुमचा हात जड, आणि लग्नात ताटावर बसलात की हलका. हे हसले. कानटोपी घातली आणि बाराला गाडी काढली. शेलेकच्या हॉलला जायचं, अ‍ॅम्प लवकर वर चढवायचा, म्हणजे संध्याकाळपर्यंत त्यातला गारठा जाईल.

सावुत: दोन तास लागतात. बाहेरच्या थंडीतून आणून लगेच चालू केला तर आत दव धरतं, जळून जातो.

हुर्शिदा: मला शिकवतोस? बावीस वर्षं तेच ऐकलं मी. अ‍ॅम्प वर न्यायचा, फडक्याने पुसायचा आणि शेगडीजवळ त्याच्या शेजारी टोपी डोळ्यांवर ओढून झोप काढायची. लोक म्हणायचे, तुर्गान राखणीला बसलाय.

सावुत: हो. झोपायचा.

हुर्शिदा: ते निघताना मी विचारलं होतं, सावुत आहे ना दुसऱ्या बाजूला? म्हणाले, आहे. तेवढ्यावर मी दार लावलं. आणि वर्षभर मी हाच हिशेब करतेय. ते एकटे असते तर म्हटलं असतं, वजनाने गेले. पण तू होतास. तूच सांगितलंस ना सगळ्यांपुढे, अ‍ॅम्पची एक कडी त्याच्या हातात, एक माझ्या, हसत खेळत चढवला? मग वजन नव्हेच. दुखणं घरूनच निघालं होतं, आणि ते एका माणसाला सांगितलं होतं. मला.

सावुत: असं नको म्हणूस.

हुर्शिदा: मग कसं म्हणू? तू शिकव.

सावुत: चहा निवला.

हुर्शिदा: निवू दे. तू चहासाठी आलेला नाहीस. सावुत, तू दहा वर्षांचा होतास मी या घरात आले तेव्हा. खोटं बोललास की तुझी मान खाली जाते, आणि कान लाल होतात. आत्ता झालेत. तुला तो अ‍ॅम्प का नकोय? आवाज सोड, पाठ सोड.

सावुत: त्याला दोन कड्या आहेत म्हणून.

हुर्शिदा: मग?

सावुत: बघवत नाहीत मला. रजई उचलली की आधी त्याच दिसतात. एका बाजूची दादाने धरून धरून गुळगुळीत झालेली. दुसऱ्या बाजूची माझी.

हुर्शिदा: पुढे बोल.

सावुत: मी नव्हतो वहिनी.

हुर्शिदा: कुठे नव्हतास?

सावुत: जिन्यावर. अ‍ॅम्प उचलायला. हॉलच्या मागचा लोखंडी जिना, दोन मजले, पायऱ्यांवर बर्फ. दादाने एकट्याने नेला तो.

हुर्शिदा: तू त्यांच्याबरोबर गाडीत होतास.

सावुत: नव्हतो. मी शेलेकलाच होतो आदल्या दिवसापासून, शाळेतल्या एका दोस्ताकडे. आम्ही प्यायला बसलो होतो. साडेबाराला दादाचा फोन आला, "खाली उभा आहे, ये." मी म्हटलं, येतोच, पाच मिनिटं. तो म्हणाला, "दारू प्यायलास का?" मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, "ये सावकाश, मी थांबतो." नंतर पुन्हा फोन आला. मी उचलला नाही.

हुर्शिदा: किती वाजता पोचलास?

सावुत: अडीचला.

हुर्शिदा: अडीचला.

सावुत: वर गेलो तर अ‍ॅम्प जागेवर होता. पुसलेला, सतरंजी पांघरलेली. दादा शेजारी भिंतीला टेकून, टोपी डोळ्यांवर. नेहमीसारखा. मला हायसं वाटलं गं. म्हटलं, बरं झालं, झोपलाय. आता शिव्या खाव्या लागणार नाहीत.

हुर्शिदा: मग?

सावुत: मी हळूच बूट काढले. आवाज नको म्हणून. त्याच्या शेजारी बसून गिटारच्या तारा लावल्या. अर्धा तास. हळू हळू, त्याची झोप मोडू नये म्हणून.

हुर्शिदा: अर्धा तास.

सावुत: तीनला अ‍ॅम्प चालू केला. व्हॉल्व्ह पेटले की आधी एक घुमल्यासारखा आवाज येतो. त्या आवाजाला तो दरवेळी डोळे उघडायचा. कितीही गाढ झोपेत असला तरी. मी त्याच्याकडे बघत राहिलो. तो उठला नाही.

हुर्शिदा: अंग गरम होतं?

सावुत: वहिनी...

हुर्शिदा: तू आलास तेव्हा. अडीचला. अंग गरम होतं का त्यांचं?

सावुत: मी हात लावलाच नाही तेव्हा. तीनला लावला. तेव्हा गरम होतं. पण शेगडी शेजारी होती. मला कळत नाही. वर्षभर तेच फिरतंय डोक्यात, अजून कळलेलं नाही.

हुर्शिदा: आणि सगळ्यांना सांगितलंस, आम्ही दोघांनी चढवला.

सावुत: हॉलवाला आला, त्याने विचारलं, कसं झालं? तोंडातून निघून गेलं. मग डॉक्टरला तेच सांगितलं. मग तुला. चाळिसाव्या दिवशी इमामापुढे सांगितलं. एकदा बोललो ते गिळता येईना.

हुर्शिदा: मी बायकांमध्ये बसून छाती पिटत होते, माझ्यामुळे गेले, माझ्या टोमण्याने गेले. तू दाराशी उभा होतास. ऐकत होतास.

सावुत: हो.

हुर्शिदा: गुलबाहार माझ्या अंगावर ओरडली. तेव्हाही होतास.

सावुत: होतो.

हुर्शिदा: एक शब्द बोलायचा होता रे. कोणाला नाही तर त्या पोरीला तरी.

सावुत: मला मार हवं तर. घालून पाडून बोल. पण तो अ‍ॅम्प जाऊ दे वहिनी. एल्दारला देऊन टाकतो. तो छोटा घेतो, एकाच कडीचा. मला पुढे जगता येईल.

हुर्शिदा: फोन लाव.

सावुत: गुलबाहारला?

हुर्शिदा: आधी त्या एल्दारला. येऊ नको म्हणावं. अर्ध्या वाटेवर असेल तर माफी माग, पण परत पाठव.

सावुत: असं का करतेस?

हुर्शिदा: एकाच कडीचा हवाय तुला. कोणाला हाक मारायला नको, कोणी मागे बघून विचारायला नको, दुसरा कुठेय. नाही मिळणार तुला तो. हाच वाजवायचा. दर लग्नाला दुसरी कडी धरायला माणूस बोलवायचा, आणि तो येईपर्यंत जिन्याखाली उभं राहायचं. बर्फ पडत असला तरी.

सावुत: आणि कोणी आलंच नाही तर?

हुर्शिदा: तर त्या दिवशी वाजवायचं नाही. घरी यायचं.

सावुत: आणि गुलबाहार?

हुर्शिदा: तिला तू सांगायचंस. फोनवर नाही, तिच्या दारात जाऊन. आत्ता मला सांगितलंस तसं, बूट काढल्याचंसुद्धा. त्यानंतर ती माझ्याशी बोलेल की नाही तिचं ती बघेल. तुझ्याशी बोलेल असं मला वाटत नाही.

सावुत: आणि तू?

हुर्शिदा: मला आज विचारू नकोस. चल, ऊठ. आज तो तुझ्या घरी जाईल. उद्यापासून मी शेडमध्ये कोळसा घालणार नाही. त्याला ऊब तू दे.

सावुत: मी शेजारच्या अब्लिजला हाक मारतो.

हुर्शिदा: नको. दुसरी बाजू मी धरते.

सावुत: वहिनी, तुझे गुडघे... तू कधी हातसुद्धा लावला नाहीस त्याला.

हुर्शिदा: म्हणूनच.

(शेडचं दार उघडतं. रजई बाजूला होते.)

सावुत: ही माझी बाजू. तू इकडून धर.

हुर्शिदा: नाही. ह्यांची कडी मी धरणार. तू तुझी धर. मी म्हणेन तेव्हाच उचलायचं.

सावुत: बरं.

हुर्शिदा: उचल.

सावुत: वहिनी, टेकव खाली. टेकव. कडी सुटतेय तुझी.

हुर्शिदा: थांब जरा. एवढा जड होता हा.