थैलीतला खिळा

मंडळी, नमन झालं, गजर झाला, आता जरा सरकून बसा. मागच्यांना पुढं येऊ द्या. आणि ते खांबाला टेकलेले पाहुणे — खांब सोडा हो! तुम्ही धरला नाहीत तरी देऊळ पडत नाही!

आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. विद्या आपली झाली, असं कधी म्हणायचं? पैसे दिले की? घरात आली की? पाठ झाली की? हं, काकू मान डोलवतायत — "पाठ झाली की!" काकू, पोपटाला सगळंच पाठ असतं. त्याला कुणी गुरुजी म्हणतं का? हसू नका. आजची गोष्ट हसण्याची नाही. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढं जागा मिळणार नाही.

एक चरण धरा माझ्याबरोबर. माझंच जुळवलेलं आहे, कुण्या संतांच्या नावावर खपवत नाही —

दिसले ते घेतले, असले ते राहिले!

म्हणा! वा. आमच्या पेटीवाल्या ताईंनी सूर कसा उचलला बघितलंत? काहीजणं मघापासून टक लावून बघतायत, की ताई डाव्या हातानं वाजवतात आणि उजव्यानं भाता मारतात. डावखुऱ्या असतील, असू द्या. तुम्ही इकडं बघा.

तर ऐका. शेजारच्या तालुक्यात शशिकांत पोपळघट नावाचा एक माणूस. जातीचा लोहार, धंदा फॅब्रिकेशनचा. गेट, ग्रिल, जिन्याचे कठडे. हात असा, की लोखंडाचा वेल करायचा आणि तुम्ही म्हणाल याला पाणी घालायला पाहिजे! आणि नाद कशाचा? जादूचा! गणपतीत, बारशाला, शाळेच्या गॅदरिंगला — शशिकांतचे जादूचे प्रयोग. काळा कोट, डोक्याला फेटा, आणि जोडीला लेक. कल्याणी तिचं नाव. बापाला रुमाल देणारी, पेटीत बसणारी, डोळे बांधून नोटेचा नंबर सांगणारी. आणि घरी आली की दुसरी पेटी — हार्मोनियम! मास्तर म्हणायचे, या पोरीच्या बोटांत काहीतरी आहे. बाप ते ऐकायचा आणि ग्राइंडर बंद करून तिचा रियाज ऐकत उभा राहायचा.

आता दुसरा माणूस. अप्पा ठिगळे. म्हातारे, नावाजलेले जादूगार. उतारवयात त्यांनी आपली विद्या कॅमेऱ्यासमोर बसून सांगितली आणि तिच्या डिस्क काढल्या. एका खेळाची एक डिस्क, आणि डिस्क एका खोक्यात. खोक्यात नुसती डिस्क नसायची, बरं का! खेळाला लागणारी वस्तू असायची. कुठं दोरा, कुठं नाणं. आणि अप्पांची शिस्त अशी, की डिस्क लावली की आधी अप्पाच दिसायचे, खुर्चीत बसलेले. "आधी हे ऐका," म्हणायचे, आणि अर्धा तास बोलायचे. काय करायचं नाही, कुणावर करायचं नाही, कधी थांबायचं. मग खेळ.

पण मंडळी, डिस्क लावायचं यंत्र आता कुणाच्या घरी आहे? हात वर करा. बघा! एक हात वर आहे, आणि तोही डोकं खाजवायला! खोकी पडून राहिली. तेव्हा अप्पांचा भाचा म्हणाला, "मामा, आता सगळं डाउनलोड. लोक बटण दाबतात, खेळ घरात." त्यानं काय केलं? डिस्कवरचं चित्रण इंटरनेटवर टाकलं, आणि तेही तुकडे करून. ज्याला जेवढं पाहिजे तेवढं त्यानं घ्यावं! आणि अप्पांच्या त्या अर्ध्या तासाला कोण पैसे देणार? म्हणून तो पहिला भाग ठेवला फुकट.

काय चुकलं सांगा? सोयच केली ना? पण फुकटच्या भागाला कुणी हात लावला नाही हो! देवळातला प्रसाद फुकट मिळाला तर आपण दोनदा रांगेत उभे राहतो, आणि उपदेश फुकट मिळाला की चपला शोधतो!

शशिकांतला पाहिजे होता खिळ्याचा खेळ. त्यानं फोनवर बघितलं, तुकड्यांची यादी आली. "आधी हे ऐका" — फुकट. "खेळ" — विकत. शशिकांत म्हणाला, "मी काय नवशिका आहे?" खेळ तेवढा घेतला. उतरला. मोबाईलमध्ये आला. खूश!

खेळ काय? टेबलावर चार कागदी कप, पालथे. एका कपाखाली लाकडी ठोकळा, आणि ठोकळ्यावर उभा खिळा — टोक वर. जादूगार पाठ करून उभा राहतो. प्रेक्षकांतला एकजण येऊन कप ठोकळ्यासकट सरकवतो, कुठं काय ते कुणाला कळत नाही. मग जादूगार वळतो आणि एकेका कपावर तळहात मारतो. फट्! कप सपाट. फट्! दुसरा सपाट. फट्! आणि उरलेला उचलला की खाली खिळा. युक्ती साधी. ज्या कपाखाली खिळा, त्याच्या कडेला लाल शाईचा बारीक ठिपका.

शशिकांतनं मोबाईल टेबलाला टेकवला आणि बघितलं. अप्पांनी खिळ्यावर बटाटा खुपसून दाखवला — आरपार! बटाटा काढला. कप मांडले. आणि मग अप्पांनी स्वतःचा हात नाही मारला. शेजारच्या शिष्याचे डोळे बांधले, त्याचं मनगट धरलं आणि त्याचा हात कपावर मारला. फट्! शशिकांतच्या अंगावर काटा आला. "कल्याणी, इकडं ये गं. हे बघ. हे आपण करायचं."

"खरा खिळा आहे, पप्पा?"

"खराच की. बटाट्यातनं गेलेला दिसला नाही तुला?"

आणि खरा खिळा घडवायला लोहाराला कितीसा वेळ! दुकानात बसून पोलादाचा केला, घासला, टोक काढलं. घडवताना शीळ घालत होता तो. लोकांना खोटं देणार नाही म्हणाला. आधी महिनेच्या महिने स्वतःचा हात मारून बघितला. चुकला नाही. मग पोरीचा हात धरला. तेव्हाही चुकला नाही. ठिपका दिसतोय, मग चुकेल कसा?

दिसले ते घेतले, असले ते राहिले!

शाळेचं गॅदरिंग आलं. कल्याणीचीच शाळा. आधी बापाचा प्रयोग, आणि मग तिचं पेटीवादन. पेटी विंगेत झाकून ठेवलेली. मैदान भरलेलं, फोन वर धरलेले. शशिकांतनं बटाटा खुपसला, लोकांनी "आईगं" केलं. कल्याणीचे डोळे बांधले. शाळेचेच एक सर वर आले, त्यांनी कप सरकवले. आणि तो लाइटवाला — उत्साही माणूस! आता थरार आहे म्हटल्यावर त्यानं काय करावं? पांढरे दिवे घालवले आणि स्टेजवर सोडला लाल फोकस.

शशिकांत वळला. बघतो तर सगळे कप लाल. लाल उजेडात लाल ठिपका दिसेल कसा? चारही कप सारखे!

इथं थांबा, मंडळी. इथंच सगळी गोष्ट आहे. त्या क्षणी त्या माणसाला काय करता आलं असतं? "लाइट लावा" म्हणता आलं असतं. "आजचा खेळ राहू द्या" म्हणता आलं असतं. काय झालं असतं? चार पोरं ओरडली असती, कुणीतरी शिट्टी मारली असती, आणि जेवायच्या वेळेपर्यंत लोक विसरले असते! पण समोर गाव होतं, फोन वर होते, आणि त्याच्या मनानं त्याला सांगितलं — पाठ होती तरी कप सरकल्याचा आवाज डावीकडून जास्त आला, खिळा डावीकडंच असणार, उजवीकडून सुरुवात कर.

त्यानं लेकीचं मनगट धरलं. ती हळूच म्हणाली, कुणाला ऐकू येणार नाही असं —

"पप्पा, तुमचा हात का कापतोय?"

काय बोलला असेल बाप? "काही नाही," म्हणाला. "तू हात सैल सोड."

आणि पोरीनं हात सैल सोडला. बापावर विश्वास होता ना तिचा!

पहिला कप. फट्! टाळ्या.

दुसऱ्या कपाचा आवाज झाला नाही.

मी त्याचं वर्णन करणार नाही. इथं पोरंबाळं आहेत. एवढंच सांगतो, की बराच वेळ लोक टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटलं, हाच खेळ आहे. लाल उजेडात रक्तही दिसलं नाही कुणाला. बाप गुडघ्यावर बसून "लाइट लावा, लाइट लावा" ओरडत होता, आणि लोक त्यालाही टाळ्या देत होते.

दवाखाना झाला, ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, हात राहिला, पण आतल्या नसा आणि स्नायूंचं सांगता येत नाही. उजवा तळहात. बोटं वळेनात. घरी आल्यावर पोरीनं पेटीचं कापड काढलं, एक पट्टी दाबून बघितली, आणि कापड परत घातलं. मग बापाला विचारलं, "पप्पा, तुम्हाला दिसत होतं ना ओ?"

"होय गं," बाप म्हणाला. "त्या लाइटवाल्यानं ऐनवेळी घोटाळा केला."

खोटं! स्वतःच्या लेकीशी! आणि ते खोटं काही त्याला झोपू देईना. मग राग आला. कुणाचा? अप्पांचा! उठला, गाडी काढली आणि अप्पा ठिगळ्यांच्या दारात जाऊन उभा राहिला. शिव्या दिल्या हो म्हाताऱ्याला! "लेकराच्या हातावर खरा खिळा मारायला शिकवता? माणूस आहात का कोण?"

अप्पा ऐकत राहिले. मग आत गेले आणि एक जुनं खोकं घेऊन आले. त्यातनं डिस्क काढून बाजूला ठेवली. खाली एक कापडी थैली होती. थैली उलटी केली आणि शशिकांतच्या तळहातावर एक खिळा पडला. काळा, टोकदार, लखलखीत.

"वाकव," अप्पा म्हणाले.

शशिकांतनं बोट लावलं. खिळा वाकला. बोट काढलं, परत सरळ झाला. रबराचा!

"पण... बटाटा?"

"बटाट्याचा खिळा खरा. बटाटा काढता काढता बदलायचा असतो. तुला दिसलं नाही?"

"नाही."

"दिसू नये म्हणूनच तसं करायचं असतं रे पोरा! पहिल्या भागात मी तेच सांगितलंय. की यापुढं जो खिळा दिसेल तो रबराचा. खरा ठेवून दुसऱ्याचा हात मारेल त्यानं माझं नाव घेऊ नये. तू ऐकलं नाहीस?"

शशिकांत खाली बघून म्हणाला, "तो फुकट होता, अप्पा."

म्हातारा खाली बसला. त्याला राग आला नाही, मंडळी, तो रडला. "भाचा म्हणाला, मामा, तुकडे करू. मी हो म्हणालो. थैली तारेतनं जाणार नाही, हे मला कळत होतं. मी म्हटलं, जाऊ दे, लोक शहाणे आहेत, पहिला भाग ऐकतील." त्याच दिवशी त्यांनी भाच्याला फोन लावून ते सगळं बंद करायला लावलं. पण काय उपयोग? एक हात गेलाच ना!

शशिकांत तो रबरी खिळा मुठीत धरून घरी आला. लेकीसमोर बसला आणि खरं सांगितलं. "कल्याणी, मला दिसत नव्हतं. लाइट लावा म्हणायचं सुचलं होतं. म्हणालो नाही. लोक हसतील म्हणून."

कितीतरी दिवसांनी ती एवढंच म्हणाली, "मी तुम्हाला विचारलं होतं, पप्पा. तुमचा हात का कापतोय म्हणून."

बस.

आता मघाचा प्रश्न. विद्या आपली कधी झाली म्हणायची? शशिकांतला खेळ येत होता की नव्हता? येत होता! तुमच्या-माझ्यापेक्षा चांगला येत होता. कधी थांबायचं, एवढंच येत नव्हतं. आणि ते पहिल्या भागात होतं.

आणि मंडळी, शशिकांतला नावं ठेवत घरी जायचं नाही! मी मघापासून बघतोय. इथं किती फोन वर आहेत? पोपटाचा विनोद झाला तेव्हा सगळे वर होते. तो तेवढा कापणार, नातेवाइकांना पाठवणार, "बुवा काय भारी बोलतात" म्हणणार. त्या पोरीचा प्रश्न कोण कापून पाठवणार? नामस्मरणाला तर अर्धेजण पाणी प्यायला गेला होतात! तुमच्या पोरांना तुम्ही काय देता? परीक्षेला येणारं तेवढंच. लग्नात सप्तपदी चालू असते आणि तुम्ही पंगतीत. सगळ्यातनं खेळ तेवढा उचलता हो तुम्ही! थैली राहते कुठं? म्हाताऱ्यांच्या खोक्यात! आणि एके दिवशी उजेड बदलतो. ठिपका दिसत नाही. त्या वेळी तुमच्या मुठीत कुणाचा हात असेल, याचा विचार केलाय?

ताई, सांगू ना? ... होय म्हणून मान हलवली त्यांनी.

मंडळी, आमच्या ताई डावखुऱ्या नाहीत. उजव्या हाताची बोटं पट्टीवर वळत नाहीत, म्हणून तो हात भात्यावर असतो. डाव्या हाताला त्यांनी पुन्हा सा पासून शिकवलं. सुरुवातीपासून, एकही पाठ न गाळता. कल्याणीताई पोपळघट.

आणि यांचे वडील प्रत्येक कीर्तनाला येतात. देवळात येत नाहीत. बाहेर चपलांपाशी बसून ऐकतात, कारण डाव्या हातानं चाललेली पेटी त्यांना अजून बघवत नाही. मागं वळून बघू नका! त्यांच्याकडं पुष्कळ लोकांनी बघून झालंय. ताईंनी त्यांना माफ केलं का, ते मी कधी विचारलेलं नाही, तुम्हीही विचारू नका.

आता ते फोन खाली ठेवा. सगळे. हां, तुम्हीसुद्धा. ताई एकट्या वाजवणार आहेत. सुरुवातीपासून ऐका, आणि संपेपर्यंत कुणी उठू नका.