मंजिरीनं न गाळलेलं वाक्य

मंडळी, आपण सगळे आलात. कोणी ब्रिस्बेनहून गाडी चालवत आलात, निखिल तर ॲडलेडहून आला. मी उभा राहिलोय खरा, पण बोलता येईल की नाही, कोण जाणे. निघताना नात म्हणाली, "आजोबा, कीप इट शॉर्ट, ओके?" तिला भीती, की मी कविता म्हणायला लागेन. नाही म्हणणार, बाळ. आज एकही कविता आठवत नाही. शाळेत पाठ केलेल्या सगळ्या जन्मभर तोंडात होत्या. मंजिरी गेली आणि त्या कुठे गेल्या, कळत नाही.

सून गेली म्हणतात लोक. मला ते पुरत नाही. अभयचं लग्न झालं आणि मला बोलायला माणूस मिळालं, ते माणूस गेलं.

तिचं काम जमिनीखालच्या पाण्याची मापं घेण्याचं. एकदा हट्टानं तिच्याबरोबर गेलो. वाटभर मी पुस्तकातल्या झऱ्यांच्या कविता म्हणत होतो. गाडी थांबली. बघतो तर कोरड्या माळावर चटईएवढी ओल आणि भोवती चार लव्हाळी. मी विचारलं, "झरा कुठाय?"

"हाच, बाबा."

"हा? हा तर आवाजसुद्धा करत नाही!"

ती हसली. म्हणाली, "म्हणून तर कुणीतरी याच्या वतीनं बोलायला लागतं."

त्या माळाजवळ वायूच्या विहिरी खोदायच्या होत्या. खडक फोडून वायू काढायचा, फ्रॅकिंग. तुमच्यातल्या निम्म्या घरांची चूल त्या कामावर, तुम्हाला मी काय सांगणार? पण मुलं बसली आहेत, त्यांच्यासाठी सांगतो. असं काम भूजलाला धक्का लावू शकत असेल, तर नुसती राज्याची परवानगी चालत नाही. कॅनबेराची, केंद्राचीही लागते. पाण्याचं काय होईल, हा अहवाल अर्जासोबत जातो. तो मंजिरीनं लिहिला. त्यात एक वाक्य होतं: एका उन्हाळ्याच्या मापांवरून या झऱ्याबद्दल खात्रीनं काही सांगता येत नाही.

कॅनबेरानं तेच वाक्य धरलं. आणखी माहिती आणा म्हणाले, आणि तोवर निर्णयाच्या मुदतीचं घड्याळ थांबवलं. काम थांबलं. माणसं घरी बसली.

निखिल, तुझं नाव घेतो, रागावू नकोस. तू नवीन आलास तेव्हा आमच्याच मागच्या खोलीत राहायचास, तिला ताई म्हणायचास. ड्रिलिंगची नोकरी गेली त्या संध्याकाळी तू आमच्या टेबलाशी बसला होतास.

"ताई, एक वाक्य गाळलं असतंस तर काय झालं असतं?"

तिनं अहवाल तुझ्यापुढे ठेवला. "वाच. खोटं कुठलं ते सांग, आत्ता गाळते."

तू वाचलंस, सगळं वाचलंस. मग ताट बाजूला सारून उठलास. तुझा तरी काय दोष? घराचा हप्ता कविता म्हणून फिटत नाही.

त्यानंतर ती 'कॅनबेरावाली' झाली. आपल्याच लोकांत. गणपतीला हॉलमध्ये आम्ही बसलो, की ते टेबल हळूहळू रिकामं व्हायचं. परत येताना गाडीत म्हणायची, "बाबा, आपल्याला जागा कशी ऐसपैस मिळते, नाही?" आज लोक भिंतीला टेकून उभे आहेत. बघायला हवी होती तिनं ही गर्दी.

ती वायूच्या विरुद्ध नव्हती हो! मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "मी कुठे नको म्हणते? आपली आमटीपण त्याच्यावरच उकळते. आधी कळू दे, एवढंच म्हणते."

तिच्या आजारपणात तुमचे डबे आले, ते विसरणार नाही. पण तुम्ही ते दारात ठेवून जायचात. बेल वाजवायचा नाहीत. मी खिडकीतून गाड्या वळताना बघायचो. आत येऊन सांगायचो, "डबा आलाय." ती एक घास खायची आणि म्हणायची, "पल्लवी. गोडा मसाला तिचाच." दुसऱ्या दिवशी, "ही कढी जोशीकाकूंची." नाव न सांगता ठेवलेला प्रत्येक डबा तिनं ओळखला. शेवटी जेवण जात नव्हतं, तरी झाकण काढून नुसता वास घ्यायची आणि नाव सांगायची. तुमच्यावर राग असता, तर चव लक्षात राहिली असती का?

शेवटच्या आठवड्यात एकदा तिनं अभयला विचारलं, "निखिलला काम लागलं?" तो म्हणाला, "हो, ॲडलेडला." ती म्हणाली, "बरं झालं." आणि डोळे मिटले. तू एक दिवस उशिरा पोचलास रे.

दुसऱ्या उन्हाळ्याची मापं आता दुसऱ्या कुणीतरी घेतलीत. निर्णय अजून यायचाय. कॅनबेरा हो म्हणेल, नाही म्हणेल. झऱ्याला काहीच होणार नाही, असंही निघेल. मग कुणी म्हणेल, उगाच थांबवलं या बाईनं. म्हणा. पण तिला माहीत नव्हतं, तेव्हा ती 'माहीत नाही' म्हणाली. या वयात मला कळतं, हे किती अवघड असतं ते. माझं एवढंच मागणं आहे, तिचं नाव काढाल तेव्हा मंजिरी म्हणा.

आता दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू या.

निखिल, इकडे ये. मागे नको, इथे, माझ्याशेजारी. हात दे, बाळा. मला एकट्याला एवढा वेळ उभं राहवणार नाही.