न कापलेला शिक्का

मी, शमसुन्निसा शेख जफर, वय ५८ वर्षे, धंदा शिलाई व सणासुदीची भेटकार्डे बनविणे, राहणार घाटंजी, जिल्हा यवतमाळ. बोलावल्यावरून पोलीस ठाण्यात स्वतः हजर होऊन सांगते की, वरील ठिकाणी मी एकटी राहते. माझे पती शेख जफर यांचे बाजारात रबरी शिक्क्यांचे दुकान होते. दोन वर्षांपूर्वी रमजानमध्ये ते वारले. तेव्हापासून दुकान बंद आहे. हेच मी काल घरी आलेल्या पोलिसांना सांगितले, आज सकाळी ठाणे अंमलदारांना सांगितले, आणि आता लिहून देत आहे.

आमच्या धंद्यात असा रिवाज आहे की, नवा शिक्का घ्यायला आलेले गिऱ्हाईक जुना परत आणून देते आणि दुकानदार तो त्याच्या डोळ्यांसमोर मधोमध कापतो. पुढे कोणी गैरवापर करू नये हा हेतू. संस्था बंद पडली तरी तसेच. माझे पती काही फेकू देत नसत. त्यामुळे अशा अर्ध्या गोल शिक्क्यांनी बिस्किटांचा मोठा डबा भरला.

ते गेल्यावर डबा साफ करताना मी सहज एक अर्धा शिक्का कागदावर उमटवला, तर पणती दिसली. तोच उलटा धरला की ईदच्या कार्डावर घुमट होतो. तेव्हापासून मी व शेजारीण बेबीताई कार्डे करतो. शिक्का जांभळ्या शाईने उमटवायचा, त्यावर डिंकाचा हात फिरवून सोनेरी भुकटी पसरायची, म्हणजे खालची अक्षरे झाकली जातात. ज्योतीला तांबूस चमकी. यात लपवण्यासारखे काही नाही, भुकटी अजून माझ्या नखांत आहे.

यंदा बेबीताई म्हणाल्या, "भाभी, पणत्या पाहू पाहू लोकायले कंटाळा आला असन. दोन तुकडे जोडून गोल आकाशकंदील करू ना." मला वाद घालायची ताकद नव्हती, मी हो म्हटले. आम्ही डबा पालथा केला आणि काठ नीट जुळतील असे तुकडे शोधत बसलो. नीट जुळणारे तुकडे एकाच शिक्क्याचे असणार, हे दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आले नाही. त्या दिवशी डिंकही पातळ झाला होता.

त्यातले एक कार्ड मीच बबनरावांना पाठवले. ते बंद पडलेल्या दूध संस्थेचे माजी अध्यक्ष असून माझ्या पतीचे जुने मित्र आहेत. दर ईदला शिरखुर्मा प्यायला येत असत, पती गेल्यावर आले नाहीत. कार्डावरची भुकटी झडली व खाली त्यांच्या संस्थेचा गोल शिक्का दिसला. मी बनावट शिक्का वापरत आहे असे समजून ते ठाण्यात आले. मी त्यांना दोष देत नाही. मात्र त्यांचे घर माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून आहे, एवढे लिहून घ्यावे.

काल जमादार धम्मरत्न यांनी पंचांसमक्ष डबा तपासला. सगळे तुकडेच निघाले, फक्त एक शिक्का अख्खा निघाला. जमादारांनी विचारले, "चाची, हा एकच काहून कापला नाही?" पंचनाम्यात समाधानकारक उत्तर दिले नाही असे आहे, ते खरे आहे.

उत्तर आज देते. तो आमच्याच दुकानाचा शिक्का आहे. पतीने तो स्वतःसाठी हाताने कोरला होता. दुकान बंद म्हणजे तो कापायला पाहिजे, हे मला ठाऊक आहे. चाळीसवा, म्हणजे चाळिसाव्या दिवसाचा विधी, झाल्यावर मी तो पाटावर ठेवला व त्यांचेच ब्लेड हातात घेतले. त्यावर त्यांच्या बोटांची शाई होती. मला फार रडू आले आणि मी तो डब्यात परत ठेवला. त्यानंतर तो कोणत्याही कागदावर मारलेला नाही.

आज दुपारी बबनराव इथे आले. टेबलावरचा तो अख्खा शिक्का त्यांनी हातात घेऊन पाहिला. म्हणाले, "भाभी, मले काय मालूम, कार्डावरचा शिक्का जफरनंच कापलेला हाय म्हणून. मी तक्रार वापस घेतो." यावर ठाणे अंमलदार साहेबांनी सांगितले की तक्रार मिटेल, डबाही मिळेल, पण बंद दुकानाचा अख्खा शिक्का परत देता येणार नाही. जमादार भला माणूस आहे. त्यांनी खणातून ब्लेड काढून माझ्यापुढे ठेवले. "चाची, तुमच्याच हातानं कापा, अन् दोन्ही तुकडे घरी घेऊन जा."

मी म्हटले, "बाबू, माह्याच्यानं नाही होत."

दिवाळी तोंडावर आहे, तरी ठाण्याला डबा हवा असेल तर तोही ठेवून घ्यावा. मी थकले आहे, भांडत नाही. शिक्का ठाण्यातच राहू द्यावा, माझी हरकत नाही. फक्त अख्खा राहू द्यावा.

हा जबाब मला वाचून दाखविला, मी सांगितला तसाच लिहिलेला आहे. ब्लेड जमादारांना परत दिले आहे, तेही खाली लिहून घ्यावे.