खाली डाव्या कोपऱ्यात

जमलेली सगळी मंडळी, आणि समोर बसलेल्या यमुनाकाकू.

मी वसंत ठवकर. इथं भिलाईले, कारखान्याच्या बांधकामाच्या ऑफिसात टायपिस्ट आहे. दुसऱ्यानं बोलायचं अन् मी कागदावर उतरवायचं, ही माझी सवय. स्वतःहून चार माणसांपुढं उभं राहायची ही पहिलीच वेळ. हातातला कागद हलून राहिला, तुमाले दिसतच असन. पंखा बंद आहे, तरी हलून राहिला. मले भेव वाटून राहिलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मी मध्येच थांबलो तर कोणी पाणी आणायले धावू नका.

गणपतराव भोयर, आपले भोयरकाका, जाऊन आज अकरा दिवस झाले. स्टोअरमध्ये नटबोल्ट अन् तारेची भेंडोळी सांभाळणारा माणूस. छातीत थंडी भरली, तीन दिवस दवाखान्यात होते, चौथ्या दिवशी गेले. माझ्या आधी जे बोलले त्यांनी सांगतलं का काका फार शांत होते, मनमिळाऊ होते. काकू, तेव्हा तुम्ही मान खाली घालून हसल्या. मी पाहिलं. शांत? भोयरकाका रेडिओसंग, पेपरसंग भांडत होते!

खरं आहे का नाही? आपल्या कामगार कॅम्पातल्या हॉटेलात सकाळी पेपर आला का पहिला हात त्यांचा. मोठ्यानं वाचायचे. अमक्या पुढाऱ्यानं तमक्या ठिकाणी फीत कापली. "अन् नळ?" काका पेपरले विचारायचे. "फीत दिसली तुले, नळ नाही दिसला?" पेपर काय बोलते? आपण चहा पीत हसायचो. काका घरी जाऊन पत्र लिहायचे. खासदाराले, मंत्र्याले, संपादकाले. झोकदार इंग्रजीत. पवनीच्या शाळेत मास्तरांच्या छड्या खाऊन शिकलेलं इंग्रजी, त्याचा त्यांले फार अभिमान. उत्तर यायचं ते छापील. आपलं पत्र मिळालं, योग्य त्या कार्यवाहीसाठी पुढं पाठवलं आहे. पुढं म्हणजे कुठं, ते कधीच कळलं नाही.

एकदा मात्र पेपरात त्यांचं पत्र छापून आलं. आठवते? पत्राची सुरुवात काकांनी रीतीनं केली होती, का माळरानावर एवढा मोठा कारखाना उभा होऊन राहिला, आमाले अभिमान वाटते. त्याच्या खाली दोन पानं तक्रार. पेपरनं ते पहिलं वाक्य छापलं, त्याच्या खाली नाव छापलं, गणपतराव भोयर, भिलाई. बाकी सारं कापलं. दिवसभर लोक काकांचं अभिनंदन करून राहिले होते, अन् काका रागानं लाल. त्या दिवसापासून त्यांनी पत्राच्या सुरुवातीले चांगलं काही लिहिणंच सोडलं.

ती तक्रार कशाची होती, तुमाले माहीत आहे. तरी मी सांगतो, कारण आपण ते मोठ्यानं कधी बोललोच नाही. कॅम्प अन् शाळेच्या मधून मालगाडीची जी लाइन जाते, तिची. एका ठेकेदारानं माल आणायसाठी टाकलेली. फाटक नाही, झेंडीवाला नाही. डबे उभे असतात, अन् इंजिनाचा धक्का कधी बसन, कोणाले सांगता येत नाही. विचारलं का उत्तर ठरलेलं. लाइन टेम्पररी आहे, टेम्पररी लाइनले फाटक मंजूर होत नाही. तीन वर्षं झाली त्या टेम्पररीले! तेव्हा आपण बी सारे टेम्पररी. म्हणून आपण गप्प.

मग भुरीबाईचं झालं. डोक्यावर भाजीची टोपली घेऊन कॅम्पात यायची, ती. उभ्या डब्याखालून वाकून निघत होती अन् डबा हलला. मी पन्नास पावलांवर होतो. धावत गेलो. ती रडत नव्हती. मले म्हणे, "बाबू, मोर गोड़ कहाँ हे?" माझा पाय कुठं आहे, विचारत होती. मी खाली बसून तिची सांडलेली भाजी गोळा करायले लागलो. मेथीच्या जुड्या. एकेक उचलून टोपलीत ठेवत होतो. कावून, ते मले आजही सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात आपल्या गावाची बातमी होती. कोणी पाहुणे आले होते, त्यांच्या स्वागताची.

त्या संध्याकाळी काका माझ्याकडं आले. "वसंता, हातानं लिव्हलेलं कोणी वाचत नाही. टाइप करून दे. नाव कोणाचंच टाकू नको. खाली फक्त 'कॅम्पातले रहिवासी'." मी म्हणलं, "काका, माझं व्हेरिफिकेशन चालू आहे." पर्मनंट करायच्या आधी माणूस कोणासंग उठते-बसते, काय वाचते, कुठं सही करते, हे पाहतात. इथल्या प्रत्येकाले त्याचं भेव आहे. काका म्हणाले, "माझं बी चालूच आहे नं. म्हणूनच तर नाव नाही टाकून राहिलो."

मी टाइप केलं. ऑफिस सुटल्यावर, दार लावून. एक चूक झाली नाही. एवढं साफ पत्र मी साहेबांसाठी बी कधी काढलं नसन. काका वाचून खूश झाले. पत्र मंत्र्याले गेलं.

पंधरा दिवसांनी चौकशी आली, तेव्हा मले कळलं मी काय करून बसलो होतो. ऑफिसच्या पत्रात खाली डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरं असतात. पत्र कोणी सांगतलं, टाइप कोणी केलं. उद्या चूक निघाली तर माणूस सापडावा म्हणून. रोजच्या पत्रांखाली माझी बोटं ती अक्षरं आपोआप टाकतात. त्या बिननावाच्या पत्राखाली बी टाकली होती. व्ही.एन.टी. वसंत नारायण ठवकर. नाव लपवायसाठी सारा खटाटोप, अन् मीच माझं नाव खाली चिकटवून दिलं!

मंडळी, ते चार दिवस मले विचारा. बाहेर सायकल थांबली का मी मागच्या दाराशी. बायकोले काही सांगतलं नाही. घरातले सारे जुने पेपर चुलीत घातले, त्यात काय सापडणार होतं देव जाणे. कुंदा, माझी पोरगी, तेव्हा सात वर्षांची. तिची वही बी मी उघडून पाहिली, का यात तर कोणाचं नाव नाही.

पाचव्या दिवशी आमाले दोघांले बोलावलं. काका पत्रं लिहितात हे साऱ्यांले माहीत, अन् ऑफिसचा टायपिस्ट मी. टेबलावर ते पत्र. चौकशीच्या साहेबांचं बोट त्या कोपऱ्यावर. "ये व्हीएनटी कौन है?" मी तोंड उघडलं. अन् बाजूनं काका म्हणाले, "साहब, ये तो मैंने टाइप किया. दुर्ग में, टाइपिंग क्लास में बैठ के."

"और ये नीचे?"

"ऑफिस की एक पुरानी चिट्ठी सामने रखी थी साहब. जैसा उसमें था, वैसा उतार दिया. मुझे लगा हर चिट्ठी के नीचे ये लिखना पड़ता है."

साहेब हसले. हसता हसता खुर्चीत मागं गेले. खोलीतले सारे हसले. एवढा इंग्रजीचा अभिमान असलेला माणूस, अन् हात जोडून अडाण्याचं सोंग घेऊन उभा! त्यांचे कान लाल झाले होते. अन् काकू, आज तुमच्यापुढं सांगतो, मी बी हसलो. नाही हसलो तर साहेबांले संशय येईन म्हणून हसलो. ज्या माणसानं मले वाचवलं, त्याले मी हसलो.

ती गोष्ट स्टोअरभर झाली. लोक काकांले व्हीएनटी म्हणून हाका मारायले लागले. इथं बसलेल्यांपैकी बी कितीतरी. "काय व्हीएनटी, आज कोणाले पत्र?" काका ओ द्यायचे. मी बाजूले उभा असलो तरी ओ द्यायचे, माझ्याकडं पाहायचे बी नाही. तुमाले वाटायचं ते त्यांच्या अडाणीपणाचं नाव. ते माझं नाव होतं.

मी पर्मनंट झालो. काकांची ऑर्डर आली नाही. शेवटपर्यंत टेम्पररी गेले. एकदा मी त्यांले म्हणलं, "काका, मी जाऊन खरं सांगतो." त्यांनी विचारलं, "कुंदा केवढी आहे तुही?" मी म्हणलं, सात. "मग गप बस. तिले शाळेत जायचं आहे." अन् शाळा कुठं आहे, मंडळी? लाइनच्या पलीकडं.

फाटक काही आलं नाही. मग काका स्वतःच तिथं उभे राहायले लागले. ड्यूटीच्या आधी, शाळेच्या वेळेले. काकूंच्या जुन्या लाल लुगड्याची पट्टी काठीले बांधलेली. ती हलवून इंजिनवाल्याले थांबवायचे, पोरांले पलीकडं सोडायचे. एक पुढारी येऊन पाठ थोपटून गेले. पेपरवाल्यानं फोटो छापला, खाली लिहिलं, समाजसेवक. काकांनी तो फोटो मले दाखवला. "पाहा वसंता, झेंडी छापली, मी छापलो, अन् लाइन कापून टाकली." दोन वर्षं ते तिथं उभे राहिले. पावसात, अन् या वर्षीच्या थंडीत. त्या थंडीतच छाती भरली.

आज अकरा दिवस तिथं कोणी नाही. तुम्ही नाही, मी बी नाही. मी रोज कुंदाचा हात धरून लाइन ओलांडतो अन् मागं न पाहता पुढं जातो. मागं बाकीची पोरं असतात. तिथं जास्त वेळ उभा राहिलो तर कोणी विचारन, तुझा भोयरसंग काय संबंध? पर्मनंट झाल्यावर भेव जाईन असं मले वाटलं होतं. वाढलं. आता गमवायले जास्त आहे.

परवा मागून डब्याच्या धक्क्याचा आवाज आला. मी वळलो. कोणाले लागलं नव्हतं. रुळावर शाळेची एक पाटी पडली होती, तिचे दोन तुकडे. अन् कडेले एक लहान पोरगी उभी. रडत नव्हती. भुरीबाईसारखीच रडत नव्हती. मले वाटलं आता ही बी काही विचारते. मी पळालो, मंडळी. कुंदाले ओढत पळालो.

काल ऑफिस सुटल्यावर मी पुन्हा पत्र टाइप केलं. तेच पत्र, काकांच्याच शब्दांत. या वेळी दार लावलं नाही. माझ्या हातात हलून राहिलेला कागद तोच आहे. उजवीकडं माझी सही, पूर्ण नाव अन् हजेरीचा टिकट नंबर. अन् खाली डाव्या कोपऱ्यात, जी.बी., व्ही.एन.टी. सांगणारे गणपतराव भोयर, टाइप करणारा मी.

मागच्या रांगेत एक भाऊ वहीत लिहून राहिले. मी त्यांले ओळखत नाही. मघापासून माझी नजर तिकडंच जाऊन राहिली. लिहा भाऊ. टी म्हणजे ठवकर.

काकू, ती लाल झेंडी घरी असन तर मले द्या. उद्या शाळेच्या वेळेले मी तिथं उभा राहीन. भेव वाटन. वाटलं तर वाटलं, काठी टेकून उभा राहीन.

आता आपण दोन मिनिटं उभं राहू. घड्याळ पाहून मीच सांगन. त्यानंतर हा कागद टेबलावर राहीन, पेन बाजूले. ज्याले भेव वाटते त्यानं सही नका करू. मी रागावणार नाही, मी दोन वर्षं नव्हती केली. फक्त एक मागतो. भोयरकाकांचं नाव गणपतराव होतं, यापुढं त्यांले तेच म्हणा. अन् ज्याले व्हीएनटी म्हणून हाक मारायची असन, त्यानं मले मारावी. मी ओ देईन.

उठा मंडळी.