घोंगडी घेतलेला वैमानिक

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, प्राचार्य उदयसिंह घोरपडे सर, प्रमुख पाहुण्या डॉ. कीर्ती उपाध्ये, सत्कारमूर्ती वर्धमान अण्णा चौगुले आणि कस्तुरीवहिनी, जुन्या लढाऊ विमानांच्या नादापायी घरी बोलणी खाणारे आमच्या मंडळाचे सभासद, आणि ती बोलणी ऐकवणाऱ्या त्यांच्या घरच्या मंडळींनो, सगळ्यांना माझा सविनय नमस्कार.

मी जयराज शेळके, मुक्काम लोणंद. सैन्यात गाड्यांची इंजिनं दुरुस्त केली, आता निवृत्त आहे. अण्णा मिरज सोडून बेंगळुरूला मुलाकडे राहायला चालले आहेत. निरोपाचं भाषण मी करावं, असं मंडळाने ठरवलं. का? तर म्हणे माझा आवाज मोठा आहे!

महायुद्धातली विमानं आपल्या भागात कुठे पडली, ती कोण चालवत होतं, हे आम्ही शोधतो. लोक विचारतात, यातून मिळतं काय? खरं सांगू? अण्णांच्या घरी चहा मिळतो. हळदीचा व्यापार सांभाळून या गृहस्थाने हे मंडळ चालवलं, आणि आमच्यासारख्या भांडकुदळांना एका सतरंजीवर बसवलं.

आता आटपाडीकडची गोष्ट सांगतो. सगळ्यांना थोडीथोडी ठाऊक आहे, पण पाहुण्यांसाठी पहिल्यापासून सांगायला हवी.

लढाईच्या काळात तिथल्या एका वाडीच्या माळावर विमान कोसळलं. मेंढरं राखणाऱ्या एका बाईने भाजलेल्या गोऱ्या पोराला बाहेर ओढलं, त्याच्या अंगावर स्वतःची घोंगडी घातली आणि बैलगाडीत निजवून त्याला दवाखान्याकडे धाडलं. गाडी दिसेनाशी झाल्यावर तिने बिरोबाला नवस बोलला. पोरगं जगलं तर पुरणपोळीचा निवद दाखवीन, आणि ते कळेपर्यंत पुरणपोळी तोंडात घालणार नाही. पण खबर काही आली नाही. पोरगा मेला, असं गावाने ठरवून टाकलं. त्या बाईने ते मानलं नाही. मरताना तिने तो नवस सुनेच्या ओटीत घातला. ती सून म्हणजे राहीबाई.

राहीबाईंनी प्रत्येक होळीला घरभर पोळ्या वाढल्या आणि स्वतः भाकरी खाल्ली.

आम्ही तिथे जायचो ते विमानाच्या मागावर. आमची रीत ठरलेली. इंजिनावरचा नंबर मिळाला की विमान कळतं, आणि विमान कळलं की वैमानिक. पण इंजिन कधीच भंगारात गेलेलं. आम्ही पत्र्याचे तुकडे हुडकत माळ पालथा घालायचो आणि राहीबाई दारातून ओरडायच्या, “आवं, त्ये इंजान घाला चुलीत! त्यो पोरगा जगला का, तेवढं सांगा की!”

काय सांगणार? अण्णा मान खाली घालून परत यायचे.

आमच्यासारख्या नादिष्टांचा इंटरनेटवर एक जागतिक कट्टा आहे. त्यावर कॅनडातल्या एका बाईंनी आपल्या वडिलांचा तरुणपणीचा फोटो टाकला. विमानाशेजारी उभा असलेला पोरगा. याविषयी कोणाला काही माहिती आहे का, असं त्यांनी विचारलं होतं. अण्णांनी तो मोठा छापून घेतला. आम्ही महिनाभर त्यावर भांडलो. हे हरिकेन जातीचंच विमान, की दुसरं काही? पंख्याची पाती किती? मी तर टेबलावर मूठ आपटली. एका रविवारी वहिनी शिऱ्याच्या बशा घेऊन आल्या, फोटोकडे पाहून म्हणाल्या, “अहो, ह्या पोराच्या खांद्यावर घोंगडी कशी?”

अध्यक्ष महाराज, अण्णांनी भिंग लावून पाहिलं, तर घोंगडीच होती. महिनाभर आम्ही सगळे विमानाचं नाक बघत होतो. माणसाकडे कोणी बघितलंच नव्हतं!

अण्णांनी त्या बाईंना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी कपाटातून ती घोंगडी काढून कॅमेऱ्यासमोर धरली. इंडियातल्या एका माळावर एका आईने मला ही पांघरली, असं वडील मरेपर्यंत सांगत, म्हणाल्या. गावाचं नाव मात्र त्यांना कधीच कळलं नाही.

अण्णा मला म्हणाले, “जयराज, गाडी काढ. हे फोनवर सांगायचं नव्हे.”

वाडीवर पोचलो तर राहीबाईंची नातसून दारात आडवी आली. “आज्जी लय आजारी हाय. आज इंजानाचं काय इचारू नगा.” अण्णा तसेच आत गेले आणि बाजेशेजारी जमिनीवर बसले. म्हणाले, “आज्जी, जगला तो. नातवंडं खेळवून गेला.”

राहीबाई उठून बसल्या. फोटो हातात घेतला. पोराच्या तोंडाकडे न बघता घोंगडीवरून बोट फिरवलं. “काठ बघा की. माज्या आत्याबाईनंच, सासूनंच, इनल्याली ही.” मग नातसुनेवर खेकसल्या, “बघत काय बसलीस? डाळ घाल शिजाया!”

बिरोबाला निवद दाखवला. अण्णा जैन, दिवस मावळल्यावर जेवत नाहीत, म्हणून सगळ्या घराने घाई केली. राहीबाईंनी पहिला घास मोडला. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. त्यांनी तो सावकाश खाल्ला, डोळे पुसले आणि नातसुनेला म्हणाल्या, “का गं, इतकी वर्सं तुमी सगळी एवढं ग्वाड खात होता व्हय?”

अण्णा तिथे हसता हसता रडले. मीही रडलो, लपवायचं कशाला? सैन्यात हे शिकवत नाहीत, ते मी अण्णांकडून शिकलो.

अण्णा, तुम्ही गेल्यावर आम्हाला करमणार नाही. बेंगळुरूला विमानं पुष्कळ बघायला मिळतील. बघायला जाताना वहिनींना सोबत न्या, एवढीच विनंती.

मला बोलू दिलंत, याबद्दल अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि आपल्या सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कोणाचा मान ठेवायचा राहिला असेल, एखादा शब्द जास्त गेला असेल, तर आपला माणूस समजून पदरात घ्या. नमस्कार.